गांज्याचा कर आणि शाळेतला कलाशिक्षक: कोलोरॅडोच्या प्रस्ताव 119 चा अभ्यास

2 नोव्हेंबर 2021 रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या मतदारांपुढे प्रस्ताव 119 हा जनमत प्रस्ताव होता. करमणुकीसाठी विकल्या जाणाऱ्या गांज्यावरील राज्याचा विक्री कर 15 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 20 टक्क्यांपर्यंत न्यावा आणि त्यातून मिळणारे पैसे 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांच्या शाळेबाहेरील शिक्षणासाठी द्यावेत, असा तो प्रस्ताव होता. शिकवणी, भाषाशिक्षण, विशेष गरजा असलेल्या मुलांना मदत, व्यवसायशिक्षण आणि त्यांच्याच जोडीला कलांचे शिक्षण, अशी या पैशांतून घेता येणाऱ्या गोष्टींची यादी होती. राज्यपाल जेरेड पोलिस यांनी त्याला पाठिंबा दिला, बिल ओवेन्स आणि बिल रिटर हे परस्परविरोधी पक्षांचे दोन माजी राज्यपालही त्याच्या बाजूने उभे राहिले. तरीही सुमारे 54 टक्के मतदारांनी तो फेटाळला.

गांज्याच्या करातून शाळांना पैसे द्यायला ज्या राज्याने सर्वांआधी सुरुवात केली, त्याच राज्याने याच मार्गाने मुलांच्या शिकवणीला आणि कलाशिक्षणाला पैसे द्यायला नकार दिला. हा नकार कलेला होता, असे मानण्यास फारसा आधार नाही. गांज्याचा पैसा येतो कसा, वाटला जातो कसा आणि कलाशिक्षण नेमके कशावर चालते, या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की हे प्रकरण उलगडते. शाळेत चित्रकला आणि संगीत शिकवले जावे असे मनापासून वाटणाऱ्या प्रत्येकाने ते नीट पाहावे असे मला वाटते, कारण उत्पन्नाचा नवा स्रोत दिसला की कलाशिक्षण त्याला जोडून टाकण्याचा मोह अनेक ठिकाणी होतो आहे.

पैशाची सुरुवात

कोलोरॅडोत 6 नोव्हेंबर 2012 रोजी सुमारे 55 टक्के मतदारांनी घटनादुरुस्ती 64 मंजूर केली आणि 21 वर्षांवरील प्रौढांसाठी गांजा वैध झाला. या दुरुस्तीच्या मजकुरातच एक आश्वासन लिहिलेले होते: गांज्यावरील उत्पादन शुल्कातून दरवर्षी मिळणारे पहिले 4 कोटी डॉलर सरकारी शाळांच्या बांधकाम निधीत जमा होतील. वैधतेच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांना हे कलम फार उपयोगी पडले. गांजा न ओढणाऱ्या, किंबहुना तो आपल्या गल्लीत विकला जाऊ नये असे वाटणाऱ्या मतदारालाही शाळेचे छप्पर दुरुस्त झालेले हवेच असते.

कोलोरॅडोत कर वाढवायचा तर जनतेची संमती घ्यावी लागते. 1992 साली मतदारांनीच राज्यघटनेत घातलेल्या करदात्यांच्या हक्कांच्या कलमामुळे विधिमंडळाला परस्पर कर वाढवता येत नाही. म्हणून नोव्हेंबर 2013 मध्ये पुन्हा मतदान झाले आणि सुमारे 65 टक्के मतांनी 15 टक्के उत्पादन शुल्क व 10 टक्के विशेष विक्री कर मंजूर झाला. विक्री कर पुढे 15 टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभाही त्याच मतदानाने दिली. 1 जानेवारी 2014 रोजी दुकाने उघडली. 2017 च्या कायद्याने विक्री कर 15 टक्क्यांवर नेण्यात आला आणि मतदारांनी दिलेली मुभा तिथे संपली. त्यापुढचा एक टक्काही पुन्हा लोकांना विचारूनच वाढवता येणार होता. प्रस्ताव 119 मतपत्रिकेवर येण्यामागचे कायदेशीर कारण हेच.

4 कोटींचा आकडा मतदारांच्या मनात पक्का बसला होता, पण 2014 या पहिल्या वर्षात उत्पादन शुल्कातून प्रत्यक्षात सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलरच आले. पुढे बाजार वाढला आणि तो आकडा ओलांडला गेला. कायदा बदलून शुल्काचा आणखी मोठा भागही बांधकामाकडे वळवण्यात आला. मात्र या शुल्काच्या रचनेत एक दोष सुरुवातीपासून आहे. ते घाऊक मालाच्या भावावर आकारले जाते. पीक अमाप आले, भाव कोसळला, की तेवढाच माल विकला जाऊनही शाळांच्या निधीत कमी पैसे येतात. आपल्याकडे कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याच्या हातात काय उरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तीस डॉलरच्या खरेदीतला शाळेचा वाटा

एखाद्या ग्राहकाने दुकानात 30 डॉलरचा गांजा घेतला असे धरू. राज्याचा विशेष विक्री कर 15 टक्के, म्हणजे 4 डॉलर 50 सेंट. 2018 नंतर लागू झालेल्या वाटपानुसार यातले 10 टक्के, म्हणजे 45 सेंट, स्थानिक शासनाकडे जात. उरलेल्या 4 डॉलर 5 सेंटपैकी 71.85 टक्के, म्हणजे सुमारे 2 डॉलर 91 सेंट, गांजा कर निधीत, 15.56 टक्के, म्हणजे सुमारे 63 सेंट, राज्याच्या सर्वसाधारण निधीत, आणि 12.59 टक्के, म्हणजे सुमारे 51 सेंट, राज्याच्या सरकारी शाळा निधीत. घाऊक पातळीवरचे उत्पादन शुल्क मालाच्या किमतीत आधीच मिसळलेले असते आणि ते बांधकामाकडे जाते. गांजा कर निधीतून व्यसनमुक्ती, नियमन, जनजागृती असे अनेक खर्च चालतात. शाळांतील परिचारिका, समुपदेशक अशा आरोग्य व्यावसायिकांसाठीची अनुदाने आणि विद्यार्थ्यांचा छळ रोखण्याचे कार्यक्रमही त्यातच येतात.

या हिशेबात कलेचा रकाना कुठेही नाही. शाळा निधीत गेलेले 51 सेंट राज्याच्या एकूण शालेय खर्चात मिसळतात आणि कोलोरॅडोत त्या खर्चाची वार्षिक रक्कम 700 कोटी डॉलरच्या पुढे गेलेली आहे. 2021 हे गांज्याच्या विक्रीचे विक्रमी वर्ष होते आणि त्या वर्षी सर्व कर व शुल्के मिळून राज्याला सुमारे 42 कोटी 30 लाख डॉलर मिळाले. तो सगळाच्या सगळा पैसा शाळांना दिला असता, तरी शालेय खर्चाचा फार छोटा भाग त्यातून भागला असता. आणि तो सगळा शाळांना मिळत नव्हताच.

बांधकामाच्या निधीची कहाणी तुलनेने सुखाची आहे. 2008 साली सुरू झालेली बेस्ट ही योजना शाळांना स्पर्धात्मक पद्धतीने अनुदान देते आणि गांज्याचे उत्पादन शुल्क हा तिच्या उत्पन्नाचा एक स्रोत आहे. राज्याच्या जमिनींचे उत्पन्न आणि लॉटरीचा काही भाग हे इतर स्रोत. शाळा-जिल्ह्याने, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागाने, आपला वाटा घालायचा आणि उरलेला योजनेतून घ्यायचा, अशी पद्धत. गळकी छपरे, जुने बॉयलर, भिंतींतला ॲस्बेस्टॉस, मोडकळीला आलेल्या इमारती यांसाठी हा पैसा खर्च होतो. नव्या इमारतीत संगीताची खोली किंवा रंगमंच येऊ शकतो. पण त्या खोलीत मुलांना शिकवणाऱ्या माणसाचा पगार या योजनेतून देता येत नाही, आणि कलाशिक्षणाचा प्रश्न नेमका तिथेच अडतो.

राज्यात कला कोण ठरवते

कोलोरॅडोत सुमारे 1,900 सरकारी शाळा आणि 178 शाळा-जिल्हे आहेत. शिक्षणावरचा स्थानिक अधिकार तिथे राज्यघटनेने दिलेला आहे. काय शिकवायचे याचे बरेचसे निर्णय निवडून आलेली जिल्हा शिक्षण मंडळे घेतात. 2009 साली राज्याने स्वीकारलेल्या शैक्षणिक मानकांत संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला या चारही कलांचा समावेश आहे. कागदावर कलेचे स्थान सन्मानाचे आहे. पण मानक असणे आणि शाळेत शिक्षक असणे यांत अंतर पडते ते पैशामुळे. 2008-09 च्या मंदीनंतर राज्याने शालेय निधीत कपात सुरू केली आणि ती कपात वर्षानुवर्षे चालू राहिली. पूर्णपणे मागे घेतली गेली ती 2024-25 मध्ये. याच काळात राज्यातल्या निम्म्याहून अधिक जिल्ह्यांनी, विशेषतः ग्रामीण जिल्ह्यांनी, आठवड्यातून चारच दिवस शाळा भरवण्याची पद्धत धरली. एप्रिल 2018 मध्ये हजारो शिक्षक निधीच्या मागणीसाठी राजधानी डेन्व्हरमध्ये राज्याच्या विधिमंडळासमोर जमले.

गांज्याची दुकाने उघडून चार वर्षे झालेली असताना शिक्षक रस्त्यावर येतात, ही गोष्ट बाहेरच्या अनेकांना पटत नव्हती. शाळांना गांज्यातून भरपूर पैसे मिळतात अशी समजूत राज्यात इतकी रुजलेली होती, की स्थानिक शाळांसाठी कर मागायला जाणाऱ्या मंडळांना पहिला प्रश्न हाच ऐकावा लागे. राखीव करांच्या बाबतीत हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. एका खात्यावर नाव लिहिलेले असले की लोकांना वाटते, ते खाते भरले. महाराष्ट्रात मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण उपकराची ओळ पाहणाऱ्या नागरिकालाही शाळेसाठी आपण वेगळे पैसे दिलेले आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे. ते शाळेच्या गरजेला पुरतात का, हा प्रश्न मग मागे पडतो.

प्रस्तावात काय होते

अशा वातावरणात प्रस्ताव 119 आला. 2022 मध्ये 3, 2023 मध्ये 4 आणि 2024 पासून 5 टक्के, असा वाढीव कर लागणार होता. त्यातून वर्षाला 13 कोटी 76 लाख डॉलर मिळतील असा अंदाज होता. पैसे शाळांकडे जाणार नव्हते. कोलोरॅडो लर्निंग ऑथॉरिटी या नावाची स्वतंत्र संस्था स्थापन होणार होती, राज्यपाल तिचे मंडळ नेमणार होते, आणि ती संस्था पात्र कुटुंबांना आर्थिक मदत देणार होती. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना प्राधान्य होते आणि एका मुलामागे 1,500 डॉलर ही सुरुवातीची रक्कम चर्चेत होती. त्या पैशांतून कुटुंबाने मान्यताप्राप्त शिक्षकाकडून किंवा संस्थेकडून सेवा विकत घ्यायची. करोनाकाळात मागे पडलेल्या मुलांची शिकवणी हा प्रचाराचा मुख्य मुद्दा होता.

या योजनेतला प्रामाणिक भाग मला नाकारायचा नाही. सुस्थितीतले पालक आपल्या मुलीला पियानोच्या क्लासला घालतात, मुलाला उन्हाळी नाट्यशिबिराला पाठवतात, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांची मुले त्याच वेळी घरी बसतात. ही दरी शाळा सुटल्यानंतर रुंदावते, हे समर्थकांचे म्हणणे बरोबर होते. गरीब घरातल्या मुलाच्या हातात व्हायोलिन किंवा रंग देण्यासाठी सरकारने पैसे खर्च करावेत, यात गैर काहीच नाही.

पण हिशेब करून पाहू. 13 कोटी 76 लाख डॉलर पूर्ण मिळाले आणि प्रशासनावर एक पैसाही खर्च झाला नाही असे मानले, तरी प्रत्येकी 1,500 डॉलर याप्रमाणे सुमारे 92 हजार मुलांपर्यंत ते पोहोचले असते. त्या वेळी राज्याच्या सरकारी शाळांत 8 लाख 80 हजारांहून अधिक विद्यार्थी होते. म्हणजे दहातल्या एका मुलाला मदत, आणि तिच्यातही गणिताची शिकवणी, वाचनाची शिकवणी, भाषा आणि कला यांची आपसांत स्पर्धा. मूल वाचनात मागे पडलेले असताना कोणता पालक ती रक्कम नृत्याच्या वर्गासाठी वापरील? वापरू नये, असेही त्याला कोणी सांगू शकत नाही. यादीत कला होती, पण ती सर्वांत शेवटी निवडली जाईल अशीच योजनेची घडण होती.

दुसरा प्रश्न अंतराचा. डेन्व्हर किंवा बोल्डरमध्ये 1,500 डॉलर हातात असलेल्या कुटुंबाला संगीत शिकवणारे डझनभर लोक सापडतील. राज्याच्या पूर्वेकडील पठारावरच्या छोट्या गावात, जिथे पुढचे शहर तासाभराच्या रस्त्यावर आहे, तिथे तेच पैसे घेऊन कुटुंबाने कुठे जायचे? अशा गावात कला पोहोचवू शकणारी एकच संस्था असते आणि ती म्हणजे शाळा.

विरोध दोन बाजूंनी झाला. गांजा उद्योगाने वाढत्या कराला विरोध केला. कायदेशीर माल महाग झाला की ग्राहक पुन्हा चोरट्या बाजाराकडे वळतो, हा त्यांचा युक्तिवाद होता. सार्वजनिक शाळांच्या अनेक समर्थकांचा आक्षेप वेगळा होता. शाळांच्या नावाने उभा राहणारा पैसा खासगी शिकवण्यांकडे जाईल, आणि शाळांसाठी राखलेल्या राज्याच्या जमिनींच्या उत्पन्नाचा काही हिस्साही नव्या संस्थेकडे वळेल, असे त्यांचे म्हणणे होते. या दोन गटांत एरवी काहीही साम्य नाही. त्यांची मते एकत्र आली आणि प्रस्ताव पडला.

पुढे बाजाराचे काय झाले

प्रस्ताव मंजूर झाला असता तर काय झाले असते, हे आता बऱ्याच अंशी सांगता येते, कारण त्यानंतरच्या वर्षांची विक्री आपल्यासमोर आहे. 2021 मध्ये कोलोरॅडोत वैद्यकीय आणि करमणुकीचा मिळून सुमारे 220 कोटी डॉलरचा गांजा विकला गेला. 2022 मध्ये हा आकडा सुमारे 177 कोटींवर आला, 2023 मध्ये सुमारे 153 कोटींवर, आणि 2024 मध्ये सुमारे 140 कोटींवर. करोनाकाळातली वाढ ओसरली, घाऊक भाव घसरले आणि शेजारच्या राज्यांनी आपापली दुकाने उघडली. न्यू मेक्सिकोत 1 एप्रिल 2022 पासून विक्री सुरू झाली. तोपर्यंत सीमेजवळच्या ट्रिनिडाड या छोट्या शहराचा गांज्याचा व्यापार बाहेरून येणाऱ्या ग्राहकांवर उभा होता.

2023 ची सगळी विक्री, वैद्यकीय विक्रीसह, धरली तरी तिचे 5 टक्के 7 कोटी 65 लाख डॉलर होतात. वैद्यकीय गांज्यावर हा विशेष कर लागतच नसल्यामुळे प्रत्यक्ष रक्कम त्याहून कमी भरली असती. म्हणजे अंदाजाच्या जेमतेम निम्मे. कर वाढल्यामुळे विक्री आणखी किती घटली असती, हा प्रश्न त्यात धरलेलाच नाही.

आता हीच रक्कम थेट शाळांतल्या कलाशिक्षकांवर खर्च करायची ठरवली असती, असे मानू. त्या सुमारास कोलोरॅडोत शिक्षकाचा सरासरी पगार 60 हजार डॉलरच्या आसपास होता. विमा आणि निवृत्तिवेतनाचा हिस्सा धरून एका शिक्षकामागे 75 हजार डॉलर खर्च येतो असे गृहीत धरले, तर 13 कोटी 76 लाखांत सुमारे 1,835 शिक्षक नेमता आले असते. राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक सरकारी शाळेला एक कलाशिक्षक! हा हिशेब पाहिला की कोणाही कलाप्रेमी माणसाला गांज्याचा कर ही मोठी संधी वाटेल, आणि पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाही तो भुरळ घालून गेला. पण दोनच वर्षांत उत्पन्न निम्म्यावर आले असते, म्हणजे नेमलेल्या 1,835 जणांपैकी 900 हून अधिक शिक्षकांना घरी पाठवावे लागले असते. तिसरीत बासरी हातात घेतलेल्या मुलाची बासरी पाचवीत थांबली असती.

छप्पर एकदा घातले की वीस-तीस वर्षे टिकते. एखाद्या वर्षी निधी कमी आला तर पुढच्या शाळेचे छप्पर वर्षभर लांबते, घातलेले छप्पर कोणी काढून नेत नाही. कलाशिक्षण मात्र जवळजवळ सगळे माणसांवर चालते. सूर लावायला, हात धरून रेष काढायला, नाटकात घाबरलेल्या मुलाला रंगमंचावर ढकलायला वर्षानुवर्षे तेच माणूस लागते. शाळेतला वाद्यवृंद उभा राहायला चार-पाच वर्षे जातात आणि शिक्षक गेला की तो एका वर्षात मोडतो. वरखाली होणाऱ्या पैशावर पगार उभा करू नये, हा सार्वजनिक वित्तव्यवहारातला जुना नियम कलाशिक्षणाला सर्वांत जास्त लागू पडतो.

याला एक नैतिक बाजूही आहे आणि ती बाजूला सारता येत नाही. कोलोरॅडोच्या महसूल खात्याने 2014 साली करवून घेतलेल्या बाजार-अभ्यासात असे आढळले की रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे लोक एकूण वापरकर्त्यांपैकी 22 टक्क्यांच्या आसपास होते, पण एकूण मागणीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा त्यांचाच होता. म्हणजे या करातला बराचसा पैसा अतिसेवन करणाऱ्यांकडून येतो. शाळेचा कलावर्ग त्यावर अवलंबून ठेवला, की तो वर्ग चालू राहावा म्हणून लोकांनी जास्त गांजा ओढावा अशी विचित्र गरज व्यवस्थेत तयार होते. सार्वजनिक आरोग्य खात्याला सेवन कमी व्हावे असे वाटते आणि शिक्षण खात्याचे अंदाजपत्रक सेवन वाढण्यावर टेकलेले असते. व्यसनमुक्तीचे उपचार, तरुणांमध्ये जागृती, गांज्याच्या जुन्या कायद्यांनी होरपळलेल्या वस्त्यांची उभारणी, यांचा या पैशावरचा हक्क मला कलाशिक्षणाच्या आधीचा वाटतो. न्यू यॉर्कने 2021 च्या कायद्यात 40 टक्के अशा वस्त्यांसाठी, 40 टक्के शाळांसाठी आणि 20 टक्के उपचार व जनजागृतीसाठी ठेवले. त्या प्रमाणाबद्दल वाद घालता येईल, पण होरपळलेल्यांचा वाटा कायद्यातच लिहिला गेला हे चांगले झाले.

पोर्टलंडचे दोन कर

कलाशिक्षकांना कायमचा पैसा मिळू शकतो का, याचे उत्तर अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका राज्यात आहे. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर 2012 मध्ये कला कर मंजूर केला. कमावणाऱ्या प्रत्येक प्रौढाने वर्षाला 35 डॉलर द्यायचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना सूट. या पैशांतून शहरातल्या प्राथमिक शाळांना दर 500 विद्यार्थ्यांमागे एक कलाशिक्षक नेमण्यासाठी रक्कम मिळते आणि उरलेले पैसे शहरातील कलासंस्थांकडे जातात. हा कर लोकप्रिय नाही. श्रीमंताला आणि शिपायाला सारखेच 35 डॉलर, ही त्याच्यावरची टीका रास्त आहे. त्याच्या वैधतेचा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 मध्ये तो कर टिकला. पण तो माणसांच्या संख्येवर आहे. बाजारभाव पडला म्हणून तो बुडत नाही, आणि शाळांना पुढच्या वर्षी साधारण किती येणार हे आधी कळते.

त्याच ओरेगनमध्ये 2014 च्या मतदानाने गांजा वैध झाला आणि कराचा 40 टक्के हिस्सा शाळांसाठी ठरला. सहा वर्षांनी, 2020 मध्ये, मतदारांनी प्रस्ताव 110 मंजूर करून गांज्याच्या कराचे जुने वाटप दर तिमाहीला 1 कोटी 12 लाख 50 हजार डॉलरवर गोठवले आणि त्यावरचा सगळा पैसा व्यसन-उपचारांकडे वळवला. त्यामुळे शाळांच्या वाट्याला वर्षाला 1 कोटी 80 लाखांची मर्यादा आली. व्यसन-उपचारांना पैसे देण्यात चूक काहीच नव्हती. पण या दोन करांतला फरक पाहण्यासारखा आहे: ज्या पैशावर अनेकांचा न्याय्य हक्क असतो, तो पैसा पुढच्या मतदानात दुसरीकडे जाऊ शकतो.

कॅलिफोर्नियाने तिसरा मार्ग धरला. तिथेही 2016 पासून गांजा वैध आहे, पण नोव्हेंबर 2022 च्या प्रस्ताव 28 ने कलाशिक्षणाला त्याच्याशी बांधले नाही. शालेय निधीच्या घटनात्मक हमीच्या रकमेचा 1 टक्का राज्याच्या सर्वसाधारण निधीतून दरवर्षी कला आणि संगीतासाठी द्यायचा, असे ठरले आणि पहिल्या वर्षी, 2023-24 मध्ये, ही रक्कम सुमारे 94 कोटी डॉलर भरली. 500 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या जिल्ह्यांनी किमान 80 टक्के रक्कम कलाशिक्षक आणि सहायकांच्या नेमणुकीवरच खर्च करायची, आणि नवे पैसे आधीच्या खर्चाच्या जागी न वापरता त्याच्यावर भर म्हणून वापरायचे, अशा अटी आहेत. ही दुसरी अट पाळून घेणे सोपे नाही. प्रस्तावाचे प्रणेते आणि लॉस एंजेलिसचे माजी शिक्षण अधीक्षक ऑस्टिन ब्युटनर यांनी काही पालकांसह 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळा-जिल्ह्यावर याच मुद्द्यावरून दावा दाखल केला. एवढा स्पष्ट कायदा असताना हे घडते, तर राखणदार नसलेल्या निधीचे काय होईल याची कल्पना करता येते.

कोलोरॅडोला दूर जायची गरज नाही

खरे तर कोलोरॅडोकडे याचे स्वतःचे उदाहरण होते. डेन्व्हर आणि भोवतालच्या काउंट्यांच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) मतदारांनी 1988 साली विज्ञान व सांस्कृतिक संस्थांसाठी एक विशेष कर-जिल्हा निर्माण केला. दर 10 डॉलरच्या खरेदीवर 1 सेंट, इतकाच तो कर. डेन्व्हरचे कलासंग्रहालय, निसर्ग व विज्ञान संग्रहालय, वनस्पती उद्यान, प्राणिसंग्रहालय, सादरीकरण कला केंद्र आणि त्यांच्याबरोबर शेकडो लहान संस्था त्यावर चालतात. मतदारांनी हा कर 1994, 2004 आणि 2016 मध्ये पुन्हा मंजूर केला. राज्यातल्या लोकांनी गांज्यावरचा नवा कर नाकारला आणि त्याच राज्यातल्या या भागाने सगळ्यांच्या खरेदीवरचा एक सेंट तीनदा पुन्हा स्वीकारला. मला यातून दिसते ते इतकेच की कलेसाठी पैसे द्यायला हे लोक तयार आहेत. आपला पैसा कुठे जातो ते दिसले पाहिजे आणि ओझे सगळ्यांवर थोडे थोडे पडले पाहिजे. शाळांतल्या कलाशिक्षकांसाठी हाच पाया का वापरला जाऊ नये, हा प्रश्न तिथल्या शिक्षणप्रेमींनी मतपत्रिकेवर न्यायला हवा.

गांज्याच्या पैशाचा कलेला काहीच उपयोग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दक्षिणेकडील प्वेब्लो काउंटीने 2015 मध्ये मतदान घेऊन आपल्या स्थानिक उत्पादन शुल्काचा निम्मा वाटा स्थानिक विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तींना दिला, आणि 2016 पासून त्या दिल्या जाऊ लागल्या. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाच्या उत्पन्नानुसार कमीजास्त करता येते, नव्या तुकडीची संख्या घटवता येते, कोणाचीही नोकरी जात नाही. कलाशिक्षणातही असे खर्च आहेत: वाद्यांची खरेदी आणि दुरुस्ती, मातीकामाची भट्टी, रंगमंचाचे दिवे, ध्वनिरोधक खोली, फिरत्या प्रदर्शनांचा प्रवासखर्च. वीस सेलो एका चांगल्या वर्षात घेतले तर वाईट वर्षात ते वाजवता येतात, फक्त वाजवायला शिकवणारे माणूस पगारावर हवे.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. उत्पादन शुल्कातून चालणाऱ्या बेस्ट योजनेत छपरांच्या आणि बॉयलरच्या जोडीला कलावर्गांच्या खोल्या व वाद्यांसाठी ठरावीक हिस्सा राखावा. तो मागणाऱ्या जिल्ह्याने अर्जासोबत एक कागद जोडावा: त्या खोलीत शिकवणाऱ्या शिक्षकाचा पुढील किमान पाच वर्षांचा पगार आपल्या नियमित अंदाजपत्रकात मंजूर असल्याचा शिक्षण मंडळाचा ठराव. ज्या गरीब ग्रामीण जिल्ह्यांना असा ठराव करणे परवडत नाही, त्यांच्या शिक्षकाचा पगार राज्याने सर्वसाधारण निधीतून द्यावा आणि तो गांज्याच्या विक्रीशी कुठल्याही प्रकारे जोडू नये. चार दिवस शाळा भरणाऱ्या त्या जिल्ह्यांपासूनच सुरुवात व्हावी, कारण तिथल्या मुलांना शाळेबाहेर कला शिकायला दुसरी जागाच नाही.